सरपटी बॉल

"दादानं सांगितलं म्हणून टाकला."

संध्याकाळी पार्किंगमध्ये पोरांची मॅच. शेवटचा बॉल, सिक्स हवी. मोठा भाऊ धाकट्याच्या कानाशी लागला आणि त्यानं सरळ सरपटी सोडला. आरडाओरडा झाल्यावर त्याचं हे उत्तर. मान खाली, चप्पल फरशीवर घासत.

मला मेलबर्न आठवलं. १ फेब्रुवारी १९८१. न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर ६ हव्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या कर्णधार ग्रेग चॅपलनं धाकट्या भावाला, ट्रेव्हरला, सरपटी टाकायला लावला. तेव्हा नियमात बसत होतं म्हणे! समोरच्या फलंदाजानं, मॅकेक्नीनं, चेंडू अडवला आणि बॅट भिरकावून दिली.

ट्रेव्हरच्या नावाला तो एक चेंडू चिकटला तो चिकटलाच.

आमचा दादा जिंकून कोल्ड्रिंक प्यायला गेला. धाकटा स्टंपच्या विटा उचलत होता.