दुपारचा सेट मेनू आणि फ्रेंच स्वयंपाकघराची परीक्षा

महागड्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये सवलतीच्या दरात मिळणारे दुपारचे ठरावीक जेवण म्हणजे रात्रीच्या जेवणाची कमअस्सल आवृत्ती, असा समज खाण्याची मनापासून आवड असणाऱ्या लोकांमध्येही आढळतो. मला तो मान्य नाही. एखाद्या स्वयंपाकघराची खरी योग्यता जोखायची असेल, तर तिथला सेट मेनूच मागवावा, असे माझे मत आहे आणि नुकतेच थोरल्या बहिणीबरोबर असे एक जेवण घेतल्यानंतर ते अधिक पक्के झाले आहे. लॉब्स्टर, ट्रफल (जमिनीखाली वाढणारी महागडी, सुगंधी बुरशी) किंवा फ्वा ग्रा (मुद्दाम पुष्ट केलेल्या बदकाचे वा हंसाचे यकृत) पानात आले की पाहुण्याला प्रभावित करण्याचे निम्मे काम त्या जिनसांच्या दुर्मिळपणानेच झालेले असते. अंडी, कांदा, बदकाची तंगडी आणि फारशी मागणी नसलेली मासळी एवढ्यावरच कुणाला तृप्त करायचे असेल, तर मात्र कसबाशिवाय दुसरा आधार उरत नाही.

अशी सवलत रेस्टॉरंटला परवडते कशी, हे समजून घेतले की त्या मेनूकडे पाहण्याची दृष्टी बदलते. जागेचे भाडे आणि नोकरवर्गाचे पगार टेबले भरली तरी आणि रिकामी राहिली तरी द्यावेच लागतात. शिवाय रात्रीच्या तयारीसाठी स्वयंपाकघरातील बहुतेक मंडळी सकाळपासून कामाला लागलेलीच असतात. अशा वेळी दुपारी येणाऱ्या पाहुण्याकडून जिनसांचा खर्च निघून वर थोडे पैसे उरले, तरी ते रेस्टॉरंटच्या फायद्याचेच असते. पदार्थ मोजके आणि आधी ठरलेले असल्यामुळे किती माल आणायचा याचा अंदाज सहसा चुकत नाही, नासधूस कमी होते आणि पाने लवकर वाढली जातात. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली पहिला रेस्टॉरंट वीक, म्हणजे सवलतीच्या जेवणाचा उपक्रम, झाला, तेव्हा शहरातील नामवंत रेस्टॉरंटांनी दुपारचे जेवण त्या वर्षाच्या आकड्यावरून १९.९२ डॉलरना देऊ केले होते. पुढे ही प्रथा जगभरातील अनेक शहरांनी उचलली.

ठरावीक किमतीचे ठरावीक जेवण ही कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे, किंबहुना ती रेस्टॉरंटच्याही आधीची आहे. अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये खाणावळीत ठरलेल्या वेळी एकाच लांब मेजाभोवती बसायचे, ठरलेली रक्कम द्यायची आणि यजमान वाढेल ते खायचे, अशी रीत होती. स्वतंत्र टेबल, किमती लिहिलेली पदार्थांची यादी आणि हवे ते निवडण्याची मोकळीक या गोष्टी त्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमधील रेस्टॉरंटांनी रुळवल्या. त्यामुळे सेट मेनू मागवणाऱ्याला आपण काही कमी दर्जाचे मागत आहोत असे वाटण्याचे मुळीच कारण नाही.

आमच्या मेनूत तीन कोर्स होते आणि प्रत्येकात दोन पर्याय. बहिणीने आणि मी मुद्दाम वेगवेगळे पर्याय निवडले, त्यामुळे सगळेच पदार्थ टेबलावर आले. सुरुवातीला न मागता गूजेर आले. शू पेस्ट्रीच्या (लोणी, पाणी, मैदा आणि अंडी यांच्या) मिश्रणात चीज घालून भाजलेले हे छोटे, पोकळ गोळे फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील असून तिथे ते वाइनबरोबर खातात. बाहेरून कुरकुरीत आणि आतून किंचित ओलसर असा तो गोळा गरम असतानाच आमच्यापर्यंत पोहोचला, यावरून तो आयत्या वेळी भाजला होता हे उघड झाले. मी अशा जेवणात पाव आणि लोणी नेहमी बारकाईने पाहते, कारण काटकसर करायची झाल्यास पहिली कात्री तिथेच लागते. इथे पावाचे कवच कडक होते आणि लोणी मऊ होण्याइतका वेळ बाहेर ठेवलेले होते.

पहिल्या कोर्समध्ये माझ्यापुढे अफ आँ मरेत आले. हाही बर्गंडीचाच पदार्थ असून त्यात कवचाविना उकळलेली अंडी रेड वाइनच्या सॉसमध्ये छोटे कांदे, मशरूम आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाच्या तुकड्यांसह वाढतात. अंडे, कांदा आणि वाइन या तिन्ही गोष्टी कुठेही मिळतात, पण त्यांचा मेळ साधणारा सॉस कुठेही मिळत नाही. वाइन पुरेशी आटवली नाही तर तिचा आंबटपणा जिभेवर चरचरतो आणि जास्त आटवली तर कडवटपणा येतो. त्या सॉसला चकाकी होती, तो चमच्याच्या पाठीला धरून राहत होता आणि अंड्याचा पातळ बलक त्यात मिसळल्यावर दोघांचीही चव एकमेकांना सावरून घेत होती. बहिणीने लीक (कांद्याच्या जातीची लांब पातीची भाजी) घेतले होते. ते अगदी मऊ होईपर्यंत शिजवून, मोहरीच्या व्हिनेग्रेतमध्ये (तेल आणि व्हिनेगरच्या सॉसमध्ये) मुरवून कोमट वाढले होते. हा पदार्थ ठीक होता, त्याहून अधिक काही म्हणता येणार नाही.

सॉसबद्दल थोडे अधिक लिहायला हवे, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथेच आहे. फ्रेंच स्वयंपाकातील गडद सॉसच्या मुळाशी स्टॉक, म्हणजे हाडे आणि भाज्यांचा गाळलेला अर्क, असतो. हाडे भाजायची, भाज्यांबरोबर तासन्‌तास मंद आचेवर ठेवायची, वर येणारा फेस आणि चरबी सतत काढत राहायचे, मग गाळून पुन्हा आटवायचे. हे काम स्वस्तात उरकण्याची सोय नाही. नामवंत फ्रेंच शेफ ऑग्युस्त एस्कोफिए यांनी स्वयंपाकघराची जी विभागवार रचना रूढ केली, तीत सॉस करणाऱ्या स्वयंपाक्याचे स्थान फार वरचे मानले जाते, तेही याच कारणाने. रात्रीच्या महागड्या पानासाठी जो स्टॉक चुलीवर असतो, त्यातलाच दुपारच्या सॉससाठी घेतला जातो. वेगळा, हलका स्टॉक करत बसणे कोणत्याही स्वयंपाकघराला परवडणार नाही. म्हणजेच सेट मेनू घेणाऱ्याला मांसाचा स्वस्त भाग मिळतो, पण श्रमाचा सर्वांत महाग भाग पूर्णच्या पूर्ण मिळतो.

मुख्य पदार्थात हे आणखी स्पष्ट झाले. रात्रीच्या यादीत बदकाच्या छातीचे मांस होते आणि दुपारी मला त्याच पक्ष्याच्या तंगडीचे कॉन्फी मिळाले. नैऋत्य फ्रान्समध्ये मांस टिकवण्यासाठी शोधलेली ही पद्धत आहे. तंगड्यांना मीठ चोळून ठेवतात, मग बदकाच्याच चरबीत अगदी मंद आचेवर काही तास शिजवतात आणि त्या चरबीतच बुडवून ठेवतात. वाढण्यापूर्वी कातडी कुरकुरीत करून घेतात. मांस काट्याच्या नुसत्या स्पर्शाने हाडापासून सुटत होते, मीठ आतपर्यंत नेमके पोहोचले होते आणि सोबतचे बटाटे त्याच चरबीत लसूण व पार्स्ली घालून परतलेले होते. एका पक्ष्याचा कोणताही भाग वाया न घालवणारी ही काटकसर मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यातूनच चव निर्माण झालेली आहे.

बहिणीने स्केट हा चपटा मासा घेतला होता. त्यावर तपकिरी होईपर्यंत तापवलेले लोणी, लिंबाचा रस आणि केपर (खारवलेल्या आंबटसर कळ्या) घातले होते. ही मासळी जुनी होऊ लागली की तिला अमोनियाचा वास येतो, त्यामुळे इथे खरेदीतील हयगय लपत नाही. लोण्याचीही तीच गत आहे. त्यातील दुधाचे घन कण तपकिरी होऊन खमंग वास सुटण्याचा क्षण आणि ते जळण्याचा क्षण यांत फार अंतर नसते. दोन्ही कसोट्यांवर ते पान उतरले. तीन कोर्समधला सर्वांत चांगला पदार्थ कोणता, असे मला विचारले तर मी हाच सांगेन, आणि तो माझ्या पानात नव्हता याची मला हळहळ वाटली.

गोडात ईल फ्लोतांत होते. अंड्याचे पांढरे साखर घालून फेटायचे, त्याचे गोळे हलकेच शिजवायचे आणि उरलेल्या बलकापासून केलेल्या क्रेम आंग्लेझवर (पातळ कस्टर्डवर) तरंगत ठेवायचे. सारे साहित्य म्हणजे अंडी, दूध, साखर आणि व्हॅनिला. क्रेम आंग्लेझ ८० अंश सेल्सिअसच्या थोडी वर तापवली की दाट होते आणि आणखी तापली की तिचे कण होतात. आमची क्रेम रेशमासारखी होती. दुसरा पर्याय असलेल्या लिंबाच्या टार्टचे कवच मात्र जाड आणि किंचित कच्चे राहिले होते.

युनेस्कोने २०१० साली फ्रेंच लोकांच्या प्रसंगविशेषाच्या भोजनपरंपरेला जागतिक अमूर्त वारशात स्थान दिले. त्या परंपरेत गोडाच्या आधी चीजचा स्वतंत्र कोर्स असतो. सेट मेनूत तो बहुधा गाळला जातो आणि वेगळे पैसे घेऊन दिला जातो, तसा तो इथेही होता. आम्ही दोघींत मिळून एक चीजची बशी घेतली आणि तो जादा खर्च योग्यच ठरला. वाइनबाबत मात्र सावध राहावे. जेवणावर सोडलेले पैसे रेस्टॉरंट प्रामुख्याने पेयांवर भरून काढते. प्रत्येक कोर्सबरोबर वेगळी वाइन घेतली तर तिचे पैसे जेवणाइतके सहज होऊ शकतात. आम्ही एकेक ग्लास घेतला आणि बाकी साधे पाणी प्यायलो. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर साधे पाणी आणि पाव यांचे वेगळे पैसे घेता येत नाहीत आणि सेवेचा आकारही छापील किमतीतच धरलेला असतो. इतर देशांत मात्र कर आणि सेवाशुल्क शेवटी वर चढवले जाऊ शकते, हे आधीच विचारून घेतलेले बरे.

सर्वच ठिकाणी असा अनुभव येतो, असे मी म्हणणार नाही. एका रेस्टॉरंटमध्ये सवलतीचा मेनू घेणाऱ्यांना स्वयंपाकघराच्या दारालगतची टेबले दिली होती, पाव मागितल्याशिवाय आला नाही आणि पहिले पान उचलण्याआधीच दुसरे हजर झाले. जिनसा स्वस्त वापरण्याचा हक्क रेस्टॉरंटला आहे. अगत्य स्वस्त करण्याचा हक्क त्याला नाही, असे मला ठामपणे वाटते. या वेळी कॉफी गोड संपल्यावर आली आणि शेजारच्या टेबलावर महागडे जेवण घेणाऱ्यांना जे छोटे गोड घास मिळाले, तेच आमच्याही बशीत होते.

कुणाला जायचे असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवसाचे आणि दुपारच्या पहिल्या वेळेचे टेबल घ्यावे, म्हणजे पुढच्या पाहुण्यांसाठी उठण्याची घाई होत नाही. न चालणारे पदार्थ असतील तर ते टेबल राखून ठेवतानाच सांगावेत, कारण मोजक्या पदार्थांच्या मेनूत आयत्या वेळी बदल करणे स्वयंपाकघराला जड जाते. एखाद्या पदार्थापुढे जादा रक्कम लिहिलेली असेल, तर तो सोडून मेनूतला सर्वांत साधा दिसणारा पदार्थ मागवावा.