फासकी

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. काजूला मोहोर यायच्या आत बेणणी, म्हणजे झाडांखालचं रान कापणं, उरकायची म्हणून आम्ही चौघं सकाळी सातलाच सड्याखालच्या, म्हणजे कातळाच्या माळाखालच्या, बागेत पोचलो. बाग कुडाळ तालुक्यात आहे, घरापासून वीस मिनिटांच्या चढावर. नवरा मुंबईला नोकरीत, त्यामुळे गेली नऊ वर्षं बागेचं सगळं मीच बघते. गडी ग्रासकटर सुरू करणार एवढ्यात खालच्या गडग्याकडून, म्हणजे बागेच्या दगडी कुंपणाकडून, करवत ओढल्यासारखा आवाज आला.

"वयनी, थंयच रव! वाघ अडाकलो हा!"

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. गडग्याचे चार दगड ढासळून जिथे खिंड पडली होती, तिथेच तो होता. मोटारसायकलच्या क्लचची तार कमरेला आवळलेली, दुसरं टोक ऐनाच्या रोपट्याला. रोपट्याची साल पार सोलून निघाली होती आणि त्याभोवतीची माती गोल उकरलेली. म्हणजे रात्रभर तो झगडत होता. आम्हाला पाहिल्यावर त्याने एकदाच झेप घेतली, तारेने त्याला मागे खेचलं आणि तो आडवा पडला. पोट भात्यासारखं हलत होतं. ते बघून माझे हात थरथरायला लागले.

सगळ्यांना मागे घेतलं आणि १९२६ वर फोन लावला. तालुका, गाव, वाडी सांगितली. थोड्याच वेळात वनपालांचा फोन आला: कोणालाही जवळ जाऊ देऊ नका, जाळं किंवा पाणी टाकू नका. जनावर बिथरलं की प्रत्येक हिसड्याने तार आणखी रुतते, आणि तुटली तर ते समोरच्यावर येतं. त्यांना यायला दीड तास लागला. खरा कस त्या दीड तासाचा होता. मोबाईल घेऊन चाळीसेक माणसं जमली. पोलीस पाटलांनी दोर बांधून अडवलं नसतं, तर काय झालं असतं कोण जाणे.

डॉक्टरांनी डार्ट मारला. पंधरा मिनिटांत तो निपचित झाला आणि पकडीने तार कापली. मी अगदी जवळून पाहिलं. केस दुभंगलेले आणि खाली बोटभर रुंद काळीनिळी रेघ. रक्त जवळजवळ नाहीच. मला वाटलं, आता सोडतील. डॉक्टर म्हणाले, "वरून दिसत नाही ते आत चेंगरलेलं असतं. दोन-तीन दिवसांनी कळतं." पिंजऱ्यात घालून देखरेखीसाठी नेलं.

मग पंचनामा. तारेचा तुकडा सीलबंद केला, खिंडीचं माप घेतलं. पंच म्हणून सही करायला चाळीस जणांतला एकही पुढे येईना. शेवटी पोलीस पाटील आणि माझा गडी उभे राहिले.

आणि मग माझा जबाब.

मला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी वाडीतलाच एक जण खांद्यावर तारेचं भेंडोळं घेऊन सड्याकडे चढताना मी पाहिला होता. सासूबाई गेल्या त्या रात्री त्याची बायको पहाटेपर्यंत माझ्याजवळ बसली होती. त्याच ऑक्टोबरात डुकरांनी त्यांचं दहा गुंठ्यांतलं पिकलेलं भात एका रात्रीत लोळवलं होतं, हेही मला माहीत होतं. त्या दिवसांत सड्यावर रात्री बार वाजायचे. एकदा तिन्हीसांजेला ठासणीची बंदूक घेतलेले दोघे आम्हाला वाटेत भेटले आणि "डुकराक बसतलंव, घराक जावा" म्हणाले. आम्ही निमूट घरी आलो होतो. तेव्हा गप्प राहिले याची मला आजही बोच आहे.

वनपालांनी समजावलं की फासकी, म्हणजे तारेचा हा फास, डुकरासाठी लावली होती म्हणून सुटका नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यात फासा लावणं हीसुद्धा शिकारच, आणि बिबट्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे तीन ते सात वर्षांची कैद. ऐकून माझा घसा कोरडा पडला. तरी जे पाहिलं ते सांगितलं. जबाब वाचून दाखवला तेव्हा त्यात "फासकी लावताना पाहिले" असं आलं होतं. मी म्हटलं, "लावताना नाही पाहिलं. तार घेऊन जाताना पाहिलं." वाक्य बदलून घेतलं, पुन्हा वाचलं, मगच सही केली. कोणावर अशी वेळ आली तर न वाचता सही करू नका. एका शब्दावर समोरच्याचं आयुष्य असतं.

आठव्या दिवशी वनरक्षकांनी कळवलं, बिबट्या सावरला, जंगलात सोडला. वाडीत मात्र माझ्याशी बोलणं तुटलं. पुढच्या गणपतीत त्या घरातलं कोणी आरतीला आलं नाही. तो जामिनावर सुटला, तारखा चालू आहेत. आता बेणणीच्या आदल्या दिवशी मी काठीने गडग्याची प्रत्येक खिंड चाचपून घेते.

यंदा ऑक्टोबरात डुकरं पुन्हा त्यांच्या भातात शिरली. नुकसानभरपाईचा अर्ज तीन दिवसांत द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी त्याची बायको सातबारा आणि मोबाईलमधले फोटो घेऊन आमच्या खळ्यात उभी राहिली. पडवीत ये म्हटलं, आली नाही. मी तिथेच पायरीवर बसून अर्ज भरला. चहा ठेवते म्हटलं. "नको," म्हणाली, कागद पदराखाली घेतला आणि गेली.