गुरांची गाडी

जेवण झाल्यावर जुन्या आगगाड्यांचे फोटो बघत लोळायची मला खोड आहे. परवा दुपारी आयर्लंडच्या केरी काउंटीतलं एक इंजिन समोर आलं आणि डुलकी राहिली बाजूलाच. चाकांवर पत्र्याचे पडदे! ट्रालीपासून डिंगलपर्यंतची ही रेल्वे, दोन रुळांत अंतर जेमतेम तीन फूट, 1891 साली सुरू झाली, आणि ती बरीचशी रस्त्याच्या कडेकडेनेच जायची. घोडी बिथरू नयेत, कोणी चाकात सापडू नये, म्हणून हा पडदा. पुढे गुरं बाजूला सारायची जाळी. इंजिनं बहुतेक लीड्सच्या हन्स्लेट कारखान्याची, टँक जातीची. म्हणजे मागे पाण्याचा वेगळा डबा न ओढता, बाईने घागर कडेवर घ्यावी तसं पाणी अंगावरच वागवणारी.

आमच्या बार्शी लाईट रेल्वेच्या इंजिनामागे कोळशा-पाण्याचा डबा असायचा. कुर्डुवाडीला ते पाणी भरत असलं की मी जागा धरायची सोडून तिथेच उभी. आजीच्या हातात भरलेला तांब्या, घसा कोरडा, तरी ती तोंडाला लावत नसे. "आधी त्याचं होऊ दे गं." बैलांना पाजल्याशिवाय स्वतः पाणी न पिणाऱ्या घरातली ती. मागून वडील हाका मारताहेत, बसायचा डबा माणसांनी भरतोय, आणि आम्ही दोघी आपल्या इंजिनाची तहान भागायची वाट बघतोय. जागा अर्थातच कधी मिळाली नाही.

डिंगलच्या रेल्वेवरही जनावरांचाच वट. वाटेत चढ असा, की 29 फुटांमागे एक फूट वर. 22 मे 1893 ला बाजारातली डुकरं घेऊन परतणारी गाडी कॅम्प नावाच्या गावाजवळच्या उतारावर आवरेना आणि पुलावरून खाली गेली. रेल्वेची तीन माणसं त्यात मेली. इंजिन दुरुस्त होऊन पुन्हा त्याच घाटात कामाला लागलं.

1939 मध्ये उतारूंची गाडी बंद झाली, मालगाडी तेवढी राहिली. 1947 च्या कोळसाटंचाईत रोजची मालगाडीही गेली. मग उरली महिन्यातून एकदा, डिंगलच्या गुरांच्या बाजारासाठी निघणारी गाडी. एरवी रुळांत गवत माजायचं. बाजार आला की दोन इंजिनं जोडून, त्या गवतातून घसरत-धापा टाकत घाट चढायचा. ती बघायला इंग्लंडहून हौशी लोक कॅमेरे घेऊन यायचे. 1953 पर्यंत हे चाललं. गुरांना हटवायला तोंडावर जाळी बांधलेली इंजिनं, आणि त्यांना शेवटपर्यंत कामाला ठेवलं ते गुरांनीच. आजीला यात काही नवल वाटलं नसतं.

त्यांतलं 1892 चं पाच नंबरचं इंजिन 1959 मध्ये अमेरिकेला गेलं, व्हरमाँटच्या एका संग्रहालयात. डिंगलकडची कितीतरी माणसं त्याच्या आधीच तिकडे, मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफिल्डला, पोट भरायला गेलेली. इंजिन 1986 ला परत आणलं. ट्रालीजवळ थोड्याशा रुळांवर ते काही वर्षं धावलंसुद्धा.

माणसं बहुतेक तिकडचीच झाली.