आमची वाटचाल : उसाच्या ट्रॉलीपासून स्लेड डेकपर्यंत

आमच्या वर्कशॉपमध्ये नवीन गिऱ्हाईक आलं की टेप काढण्याआधी मी त्याच्या ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडतो. दाराच्या चौकटीवर एक छोटं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून या गाडीवर किती वजन चालेल, ते त्यावर किलोत आणि पौंडात छापलेलं असतं. पाच-पाच वर्षं तोच ट्रक चालवणाऱ्यांनीही ते वाचलेलं नसतं. 'मला डेक हवाय, दाराचं काय बघताय?' असं बहुतेक जण विचारतात. हे दार उघडायला मी कसा शिकलो, तीच आमच्या धंद्याची गोष्ट आहे.

आम्ही रेड डिअरला असतो. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, कॅलगरी आणि एडमंटन यांच्या जवळपास मधोमध. इथली माणसं हिवाळ्यात स्नोमोबाइल (बर्फावर पळणारी, पुढे स्की आणि खाली रबरी पट्टा असलेली गाडी) घेऊन पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत जातात. गोल्डन, रेव्हलस्टोक, सिकमूस, व्हेलमाउंट अशी ठिकाणं. स्नोमोबाइलला इथे सगळे 'स्लेड' म्हणतात आणि पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्याला 'बॉक्स'. या बॉक्सच्या कडांवर अ‍ॅल्युमिनियमची सपाट फळी बसवायची आणि तिच्यावर दोन स्लेड शेजारी शेजारी चढवायच्या, म्हणजे झाला स्लेड डेक. ट्रेलर ओढावा लागत नाही, घाटातल्या बर्फात मागे शेपूट राहत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीत उसाच्या ट्रॉल्या बांधणाऱ्या शेडमध्ये वेल्डिंग शिकलो. २००९ मध्ये इथे आलो आणि तेल कंपन्यांची टाक्या-सांगाड्यांची कामं करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. २०१४ च्या मध्यापासून तेलाचे भाव कोसळले, २०१५ मध्ये आमची अख्खी पाळी घरी बसली. घराचे हप्ते होते, धाकटी बालवाडीत होती.

त्याच सुमारास शेजाऱ्याने त्याचा तुटका डेक माझ्या गॅरेजमध्ये आणून टाकला. पाहिलं तर जोड शाबूत होता, जोडाच्या शेजारचा धातू फाटला होता. अ‍ॅल्युमिनियमची हीच खोड आहे. ६०६१-टी६ या मिश्रधातूला त्याची ताकद उष्णतेची प्रक्रिया करून दिलेली असते. वेल्डिंगची आच लागली की जोडाजवळच्या पट्ट्यात ती ताकद बरीच उतरते. म्हणून जोड जिथे सर्वांत जास्त ताण येतो तिथे द्यायचाच नाही. दुरुस्ती करून दिली आणि बायकोला म्हटलं, हे मी यापेक्षा बरं बांधू शकतो. ती म्हणाली, 'मग बांध की.' हिशेब तेव्हापासून तीच बघते.

पहिल्या हिवाळ्यात अकरा डेक विकले. सगळे एकाच मापाचे: साडेआठ फूट लांब, १०२ इंच रुंद. १०२ इंच का, तर रस्त्यावर २.६ मीटरपर्यंतच रुंदी चालते आणि १०२ इंच त्यात जेमतेम बसतं. मोठा डेक म्हणजे जास्त किंमत, आणि गिऱ्हाइकालाही मोठाच हवा असतो. मलाही तेच बरोबर वाटत होतं.

जानेवारीत त्यातला एक जण परत आला. ट्रक हाफ-टन, म्हणजे पिकअपमधल्या हलक्या वर्गातला, चार दारांचा, साडेपाच फुटांचा आखूड बॉक्स. रेव्हलस्टोकला जाताना रॉजर्स पास या घाटाच्या अलीकडे स्टिअरिंग हातात लागेनासं झालं, असं तो म्हणाला. समोरून येणारा प्रत्येक ट्रक त्याला लाइट मारत होता, कारण याचे हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडत होते. आवाज चढवला नाही त्याने. इथली माणसं चिडली की जास्तच हळू बोलतात. त्या दिवशी मी पहिल्यांदा दार उघडून स्टिकर वाचलं: १,४२० पौंड. आमचा डेक ४६० पौंडांचा. डोंगरातली स्लेड पेट्रोल भरून आणि अंगाला चिकटलेला बर्फ धरून ५६० च्या आसपास जाते, दोन म्हणजे ११२०. बेरीज १,५८०. अजून गाडीत एकही माणूस बसलेला नाही! चार धष्टपुष्ट माणसं, त्यांचे बूट, बॅगा, बिअरचे डबे वेगळेच.

पण नुसतं वजन जास्त झाल्याने पुढचं चाक हलकं का व्हावं? त्या रात्री कोल्हापूरला दादाला फोन लावला. तो अजून ट्रॉल्याच बांधतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, 'अरं, गाडी उलाळ झालीया. एवढी वर्सं ट्रॉल्या बांधल्यास आन् हे मला विचारतोस व्हय?'

उलाळ. उसाची बैलगाडी मागे जड भरली की जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. म्हणून गाडीवान मोळ्या रचताना वजन किंचित पुढे, धुरेकडे ठेवतो. हे मी लहानपणापासून बघत आलोय. ट्रकला बैल नसतो म्हणून विसरलो.

आखूड बॉक्सच्या ट्रकवर साडेआठ फुटांचा डेक ठेवला की तो मागे तीन फूट बाहेर जातो. स्लेडचं वजन मागच्या आसाच्या मागे पडतं. समजा ११२० पौंडांचा मध्य आसामागे दोन फुटांवर आहे आणि दोन्ही आसांत बारा फूट अंतर आहे. ११२० गुणिले दोन भागिले बारा. पुढच्या चाकांवरून जवळपास १८५ पौंड उचलले जातात आणि मागच्या आसावर ११२० च्या जागी १,३०० च्या वर बसतात. कोरड्या रस्त्यावर कळतही नाही. बर्फाच्या काचेसारख्या थरावर मात्र त्या १८५ पौंडांवरच स्टिअरिंग चालत असतं.

तो डेक मी परत घेतला, पैसे परत दिले. उरलेल्या दहा जणांना फोन केले. तिघांना सांगितलं की एकच स्लेड चढवा किंवा ट्रेलर घ्या. एक जण फोन आपटून मोकळा झाला. त्या वर्षी नफा शून्य.

गंमत अशी की ट्रक आणि स्लेड गेली वीस-पंचवीस वर्षं उलट दिशेला चाललेत. एकेकाळी डोंगरासाठी १३६ इंचाचा ट्रॅक, म्हणजे स्लेडखालचा पट्टा, लांब मानायचे, आता १५४ आणि १६५ नेहमीचे झालेत. (हा आकडा पट्ट्याच्या पूर्ण वेढ्याचा असतो. १६५ वाली स्लेड टोकापासून टोकापर्यंत साधारण सव्वाअकरा फूट भरते.) इकडे ट्रक मात्र चार दारांचे झाले, केबिन वाढली आणि बॉक्स आठ फुटांवरून साडेसहा आणि साडेपाचवर आला. या दोघांना जुळवायचं काम डेकवाल्याच्या गळ्यात.

म्हणून आता आम्ही तीन मापं बांधतो. वन-टन किंवा थ्री-क्वार्टर-टन ट्रक, आठ फुटांचा बॉक्स, १६५ च्या स्लेड: डोळे मिटून साडेआठ फूट. साडेसहाचा बॉक्स असेल तर पूर्ण आठ फूट देतो, पण स्लेड केबिनला जितक्या टेकवता येतील तितक्या पुढे घेतो. पुढच्या स्की छपरावर आल्या तरी चालतील, स्लेडची मागची बर्फ अडवणारी झडप बाहेर लोंबली तरी चालेल, वजनाचा मध्य आसावर हवा. आणि साडेपाचच्या हाफ-टनवर एकाच स्लेडचा डेक, पावणेसहा फुटांचा, दोनशे पौंडांच्या आत. हा सर्वांत कमी खपतो आणि याच्यावरच मी सर्वांत जास्त वाद घालतो.

रुंदीतही १०२ चा अट्टहास सोडला. डोंगरातल्या स्लेडच्या स्की जवळ असतात, अंगाने ती ४३-४४ इंच भरते. दोन शेजारी ९६ इंचांत आरामात बसतात. सपाट ट्रेलवरच्या स्लेड ४८ च्या आसपास, त्यांना १०२ लागतंच. दोन्ही प्रकार ठेवणाऱ्यांसाठी कडेला घडीचे पंख देतो, रिकामा असताना डेक ट्रकच्या रुंदीत मिटतो. जंगलातल्या रस्त्यावर फांद्या लागत नाहीत. उंचीचं मात्र काही करता येत नाही. डेकवर स्लेड चढल्या की गाडी नऊ फुटांच्या घरात जाते आणि कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूत शिरायचं नाही, हे मी डेक देताना दोनदा बजावतो. तरी दर वर्षी कुणाची तरी काच फुटतेच.

रॅम्पबद्दल कुणी विचारत नाही, पण डेकच्या लांबीचा खरा परिणाम तिथे दिसतो. रॅम्प डेकच्या खाली सरकून राहतो, म्हणजे डेकपेक्षा फार लांब होऊच शकत नाही. साडेचार फूट उंचीच्या डेकला आठ फुटांचा रॅम्प लावला तर चढ ३४ अंशांचा होतो, ट्रकची उंची वाढवून घेतलेली असली की ३८-३९. रेव्हलस्टोकच्या पार्किंगमध्ये जाणते लोक बर्फाच्या ढिगाला ट्रक टेकवतात आणि रॅम्प न काढताच उतरतात. घरी अंगणात तो ढीग कुठून आणणार? म्हणून लहान डेकला आम्ही घडीचा, दोन तुकड्यांचा रॅम्प देतो. वजन ३० पौंडांनी वाढतं. ते मी पुन्हा स्टिकरमधून वजा करतो, आणि बायको हसते.

बारीकसारीक गोष्टी दर हिवाळ्याने शिकवल्या. उणे ३५ ला आठ फुटांची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी उन्हाळ्यापेक्षा साडेतीन मिलिमीटर आखडते, म्हणून एका बाजूची भोकं लांबट ठेवतो. रस्त्यावरचं मीठ आणि पोलादी बोल्ट एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं, मधे नायलॉनचा वॉशर हवाच. स्कीखालच्या कार्बाइडच्या धारा फळी कापतात, तिथे प्लॅस्टिकच्या पट्ट्या.

२०१८ मध्ये सीमेपलीकडे अ‍ॅल्युमिनियमवर दहा टक्के आयात शुल्क लागलं आणि अमेरिकेतली मिळत आलेली चार कामं गेली. २०२१ मध्ये उलट झालं. चिपांच्या तुटवड्याने ट्रकच मिळेनात, लोक जुन्या ट्रकवर नवा डेक मागायला लागले. तेव्हा गॅरेजमधून भाड्याच्या शेडमध्ये आलो. आता आम्ही चौघं आहोत. त्यातला एक इचलकरंजीचा, त्याला 'उलाळ' समजावून सांगावं लागलं नाही.

या हंगामात नोव्हेंबरच्या पहिल्या मोठ्या बर्फाआधी चौदा डेक द्यायचे आहेत. बारा जणांनी दाराच्या स्टिकरचा फोटो पाठवलाय. दोघांनी अजून नाही, आणि त्यांची पट्टी मी अजून करवतीखाली घेतलेली नाही.