हातांच्या नाचाची संहिता: परवानगी काढताना आलेला माझा अनुभव

कोल्हापुरात कर्णबधिर कलाकारांचा नृत्यप्रयोग लावायचा असेल तर हॉलचं टेन्शन घेऊ नका. 8 ऑगस्ट 2024 च्या आगीनंतर केशवराव भोसले नाट्यगृह बंद होतं, पण लहान सभागृह आम्हाला सहज मिळालं. तालमीही रंगल्या. हलगीवाल्याला मात्र लाकडी स्टेजवरच बसवा, ठेका तळपायातून अंगात चढतो.

अडलं ते परवानगीच्या टेबलावर. "संहिता कुठाय?" साहेबांनी विचारलं. संहिता म्हणजे प्रयोगाचा लेखी मजकूर.

माझ्या कर्णबधिर बहिणीने बसवलेल्या या नाचात तोंडी संवाद एकही नाही, जे आहे ते भारतीय सांकेतिक भाषेत. विषय 1880 च्या मिलान परिषदेचा. कर्णबधिरांच्या शाळांत खुणांची भाषा नको, तोंडी बोलणंच शिकवा, असा ठराव तिथे झाला आणि पुढच्या कितीतरी पिढ्यांचे हात वर्गात दाबले गेले. त्याबद्दल खेद व्यक्त झाला तो थेट 2010 मध्ये, व्हँकुव्हरच्या परिषदेत. नाचात मुली हात पाठीमागे आवळून फिरतात. मग एकीचा अंगठा सुटतो, पाठोपाठ बोटं, आणि शेवटी अख्खं वाक्य हवेत उमटतं.

"हातवारेच ना? मग संवाद मराठीत लिहून आणा." आणलेही. तर म्हणे, स्टेजवर हेच बोलणार याचा पुरावा काय? या भाषेचं व्याकरण वेगळं आहे, प्रश्नाचा शब्द शेवटी येतो, नुसता चेहरा बदलला तरी विधानाचा प्रश्न होतो, हे मी परत परत सांगत राहिले. अर्ज बहिणीचा, सही तिची, समोर उभी ती. प्रश्न मात्र सगळे मला. ती उत्तर द्यायला लागली की साहेबांची मान फाईलमध्ये. अजून आठवलं की डोकं तापतं. शेवटी मी मागे सरकले आणि म्हटलं, "साहेब, तिच्याकडे बघून विचारा. मी फक्त दुभाषी आहे."

काम झालं ते असं: प्रत्येक प्रसंगाचं साध्या मराठीत वर्णन, सोबत तालमीचा व्हिडिओ, आणि दिव्यांग हक्क अधिनियम 2016 ची प्रत. त्यात संवादाच्या व्याख्येतच खुणा येतात आणि कलम 29 दिव्यांग कलाकारांना पाठबळ द्यायला सांगतं. दोन्ही ठिकाणी पेनने खूण करून ठेवा. परवानगीचा कागद बहिणीने स्वतःच्या हाताने घेतला, तेव्हा मला फार अभिमान वाटला.

हो, कपडे एकरंगी आणि गडद घ्या, हात उठून दिसले पाहिजेत. वाक्य चालू असताना अंधार करायचा नाही, हे लाईटवाल्याला आधीच बजावा. विंगेतून इशारा द्यायलाही छोटा दिवाच लागतो.

आणि अर्ज दिल्या दिवशीच शिक्क्याची पोच घ्या. आमची फाईल मधेच "सापडत नाही" झाली होती, तेव्हा तीच पुढे केली.