पाणी मारलं, आवाज बदलला नाही

गाडी परत जाऊन तीन आठवडे झाले. बिल फिटलं, इंजिन गोड चाललंय, मालकाची काही तक्रार नाही. तरी फोनवरचं त्याचं एक वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

गाडी होंडा सिटी, २००२ चं मॉडेल, दीड लिटरचं व्हीटेक इंजिन, १०६ बीएचपी. आपल्याकडच्या रस्त्यांवर त्या काळी हिच्यासारखी पळणारी गाडी फार थोड्यांकडे होती, आणि ज्यांनी ती जपली त्यांनी जिवापाड जपली. हा मालक कापसाच्या जिनिंगच्या धंद्यातला. दर्यापूरच्या माझ्या गॅरेजपासून आठ-दहा किलोमीटरवर गाव. घरी मोठी नवी गाडी आहे, पण रविवारी बाहेर निघते ती सिटीच.

शुक्रवारी सकाळी त्याचा फोन आला. "भाऊ, गार इंजिनले पट्ट्याचा आवाज येते. जरा वेळानं बंद होते." मी एका हातानं दुसऱ्या गाडीचं काम करत होतो. म्हटलं, अल्टरनेटरचा पट्टा असेल. इंजिन चालू ठेवून बाटलीनं पट्ट्याच्या रेघांच्या बाजूवर थोडं पाणी शिंपड आणि सांग. ही परीक्षा जुनी आहे आणि खरी आहे. पाणी पडताच आवाज क्षणभर थांबला तर पुल्या एका रेषेत नाहीत किंवा पट्टा गुळगुळीत झाला आहे. आवाज वाढला तर पट्टा सैल आहे. आणि काहीच बदललं नाही तर आवाज पट्ट्याचा नाहीच, तो कुठल्यातरी बेअरिंगचा आहे.

दहा मिनिटांनी त्याचा फोन: "मारलं जी पाणी. काईच फरक नाही पडला."

मी म्हटलं, "सोमवारी घेऊन ये, बघू."

रविवारी दुपारी अकोटच्या रस्त्यावर गाडी बंद पडली. एप्रिलचा शेवट, डांबर मऊ झालेलं. मी पोहोचलो तेव्हा चार-पाच जण बॉनेटभोवती उभे होते. त्यांनी सेल्फ पंधरा-वीस वेळा मारला होता आणि नंतर ट्रॅक्टरला बांधून दुसऱ्या गिअरमध्ये ओढूनही पाहिलं होतं. लोकांचा हेतू चांगला असतो, पण बंद पडलेल्या गाडीला ट्रॅक्टर लावण्याची ही सवय इंजिनाच्या मुळावर येते. मी एकदा सेल्फ मारला आणि कळलं. धड इंजिनाचा सेल्फ ढुक-ढुक असा अडखळत फिरतो, कारण प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्रेशनचा भार असतो. हा एकसुरी, हलका, घुर्रर्र असा फिरत होता. तेल भरायचं झाकण काढून आत पाहिलं, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगितलं. आतला कॅम, म्हणजे वॉल्व्ह उघडणारा दांडा, जागचा हलला नाही. टायमिंग बेल्ट, म्हणजे क्रँकवरून कॅम फिरवणारा आतला दातेरी पट्टा, गेला.

या इंजिनात बेल्ट तुटला की वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. जुन्या एस्टीमच्या इंजिनात तसं होत नसे. नवा पट्टा टाकला की गाडी चालू, आणि त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच मेकॅनिकांच्या मनात बेल्ट तुटणं म्हणजे किरकोळ गोष्ट असं बसून गेलं आहे. सिटीचं उलट आहे. कॅम थांबतो तेव्हा काही वॉल्व्ह उघडे राहतात, पिस्टनांना जोडलेला क्रँक फिरत राहतो, आणि उघड्या वॉल्व्हना पिस्टन खालून ठोकतो. पहिल्या फेऱ्यात बहुतेक नुकसान होऊन जातं. जे वाचलेलं असतं ते सेल्फ आणि ट्रॅक्टर संपवतो.

मालक म्हणत होता, "पट्टा तं दोनच वर्षं झाले टाकून. मंग काहून तुटला?" खोटं नव्हतं. डॅशबोर्डच्या कप्प्यात शहरातल्या एका वर्कशॉपचं बिल होतं. टायमिंग बेल्ट एक नग, आणि मजुरी. बिलानंतर गाडी १४ हजार किलोमीटरसुद्धा चालली नव्हती.

दुसऱ्या दिवशी डाव्या चाकाच्या आतलं प्लास्टिक काढून कामाला लागलो. क्रँक पुलीच्या बोल्टबद्दल इथे सांगितलंच पाहिजे, कारण यात चांगले चांगले फसतात. बहुतेक गाड्यांत बोल्टला लांब दांडा लावायचा, तो खाली टेकवायचा आणि सेल्फचा एक झटका द्यायचा की बोल्ट सुटतो. होंडाचं हे इंजिन उलटं फिरतं, पुलीच्या बाजूनं पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध. बोल्ट मात्र नेहमीच्याच आट्यांचा. म्हणजे सेल्फ मारला की तो आणखी आवळतो. पुलीत ५० मिलिमीटरचं षट्कोनी भोक असतं, ते धरायला लेथवाल्याकडून मी एक हत्यार करून घेतलं आहे. त्यानं पुली धरायची आणि बोल्ट हातानं सोडवायचा.

कव्हर निघालं तशी गोष्ट उघडी पडली. तुटलेल्या पट्ट्याच्या पाठीवरची छपाईसुद्धा अजून वाचता येत होती. रबर काळंभोर, भेगा नाहीत, दात शाबूत. पण एका कडेनं जवळजवळ तिसरा भाग दोऱ्या होऊन सुटला होता. पट्टा पुलीच्या कडेला घासत, एका बाजूला सरकत चालला होता. कारण खालीच होतं: वॉटर पंपाची पुली बोटांनी धरून हलवली तर शाफ्ट खुळखुळत होता, आणि पंपाच्या गळतीच्या भोकाखाली तांबूस-पांढरा थर साचला होता. या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टच फिरवतो. पंप डगमगला की बेल्ट सरळ चालत नाही.

टेन्शनर, म्हणजे पट्टा ताणून धरणारी पुली, तोही संपलेला. तो तपासायची रीत सोपी आहे, पण लोक नेमकी उलटी समजतात. हातानं फिरवल्यावर भिंगरीसारखा सरसर फिरला तर लोक म्हणतात, मस्त आहे. मस्त नाही. आतलं ग्रीस वाळलं म्हणून तो असा फिरतो. चांगला टेन्शनर जड, शांत फिरतो आणि लगेच थांबतो. शिवाय कॅमचं ऑइल सील पाझरत होतं, पट्ट्याच्या वरच्या भागात तेलाचा ओलावा होता. तेल लागलं की रबर फुगतं.

त्या वर्कशॉपचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. बेल्टपर्यंत पोहोचायला जी मजुरी लागते त्याच मजुरीत पंप, टेन्शनर, त्याची स्प्रिंग आणि कॅम-क्रँकची सीलं बदलून होतात. तेव्हा फक्त सुट्या भागांचे पैसे वाढतात. गिऱ्हाईक "स्वस्तात करा" म्हणालं असेल, ही शक्यता आहे. पण मग बिलावर तसं लिहायला हवं होतं. पंप जुनाच ठेवला, एवढे तीन शब्द.

मालकाचाही वाटा होता. रेडिएटरमध्ये काय घालता असं विचारलं तर म्हणाला, घरच्या बोअरचं पाणी. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या खोऱ्यातलं हे पाणी प्यायला चालत नाही, शेताला चालत नाही, आणि आम्ही ते इंजिनात ओततो. क्षार सीलच्या तोंडाशी जमतात, सील झिजतं, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन जातं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, याला या मुलखात पर्याय नाही.

हेड उतरवलं. उलटं ठेवून चारही खोलग्यांत रॉकेल भरलं. सोळापैकी नऊ वॉल्व्ह लगेच गळले. ते नऊ ड्रिलमध्ये धरून फिरवले, डोकं डुलताना उघड्या डोळ्यांनी दिसत होतं. पिस्टनवर चंद्रकोरीसारखे ठसे, पण तडा नव्हता, हे नशीब. हेडची पातळी सरळपट्टी आणि फिलर गेजनं पाहिली. ०.०५ मिलिमीटरच्या आत होती, म्हणून फेसिंग, म्हणजे हेडचा तळ मशीनवर घासून सपाट करणं, टाळलं. नवे वॉल्व्ह लॅप केले, म्हणजे आपापल्या जागी घासून बसवले, स्टेम सीलं सगळी बदलली. सुटे भाग जमवण्यात बारा दिवस गेले.

बसवताना एक काळजी घ्यायचीच: हेड ठेवण्याआधी क्रँक फिरवून चारही पिस्टन अर्ध्यात आणायचे. नाहीतर कॅम जुळवताना नवा वॉल्व्ह आपल्याच हातानं वाकतो. मग कॅम पुलीवरचा 'अप' शब्द वर, दोन्ही बाजूंच्या खाचा हेडच्या कडेशी सरळ, आणि त्यानंतर क्रँकची खूण ऑइल पंपावरच्या बाणाशी. पट्टा चढवायचा क्रम: क्रँक, टेन्शनर, वॉटर पंप, शेवटी कॅम. स्क्रू ड्रायव्हरनं ढकलायचा नाही, दुमडायचा नाही; आत काचेच्या तंतूंचे दोर असतात, ते वाकले की बाहेरून दिसत नाही पण तिथेच पुढे तुटतात.

ताण देणं हे या कामाचं मर्म. क्रँक हातानं पाच-सहा फेरे फिरवायचा, इंजिन फिरतं त्याच दिशेनं, उलटा कधीच नाही. पुन्हा पहिल्या सिलिंडरच्या टीडीसीवर, म्हणजे पिस्टन अगदी वर असेल तिथे, आणायचा. टेन्शनरचा बोल्ट अर्धा फेरा सैल करायचा. मग कॅम पुलीचे तीन दात पुढे जातील इतकाच क्रँक फिरवायचा, म्हणजे स्प्रिंग आपला ताण आपण घेते, आणि तिथेच बोल्ट ४४ न्यूटन मीटरला आवळायचा. अंगठ्यानं पट्टा दाबून "झाला टाइट" म्हणणारे पुष्कळ पाहिले. जास्त ताणलेला पट्टा पंपाचं बेअरिंग खातो, ढिला पट्टा दात उडवतो. शेवटी गार इंजिनावर वॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे वॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची फट: इनटेक ०.१८ ते ०.२२, एक्झॉस्ट ०.२३ ते ०.२७ मिलिमीटर.

मालकानं विचारलं, "आता किती किलोमीटर पाहा लागत नाही?" या प्रश्नातच घोटाळा आहे. अशा बऱ्याच गाड्या वर्षाला जेमतेम काही हजार चालतात. किलोमीटर मोजत बसलो तर पट्टा वीस वर्षं राहील. कंपन्या किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी होईल ते, असं लिहितात आणि लोक पहिलाच अर्धा भाग वाचतात. परदेशातल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांनाही हेच लागू. पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ ला ६० हजार मैल सांगितलेले, पण तिथे बेल्ट तुटला तरी वॉल्व्ह सहसा वाचतात. पोर्शे ९४४ ला कॅमचा एक आणि बॅलन्स शाफ्टचा दुसरा असे दोन दातेरी पट्टे, नवे टाकल्यावर काही अंतरानं ताण पुन्हा तपासावा लागतो. फेरारी एफ३५५ ला तर बेल्टसाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. गाडी जितकी कमी चालते तितकं तिचं वय विसरलं जातं. आमच्या उन्हात, उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली उभ्या राहणाऱ्या गाडीला मी ६० हजार किलोमीटर किंवा पाच वर्षं सांगतो, आणि पंप, टेन्शनर, सीलांसकट. पाहून निर्णय घेऊ असं म्हणणाऱ्यांना तो तुटलेला पट्टा दाखवतो. पूर्वीच्या रबराला भेगा पडून सूचना मिळायची. आताचं रबर शेवटच्या दिवसापर्यंत नव्यासारखं दिसतं.

वरच्या कव्हरवर पेंटनं तारीख, रीडिंग आणि बदललेल्या भागांची नावं लिहून दिली. गाडी गेली.

जुना पंप माझ्या फळीवर आहे. शाफ्ट बोटांनी फिरवला की खर्र असा बारीक, कोरडा आवाज येतो. शुक्रवारी फोनवर मागे हाच येत होता. मी विचारलं ते बरोबर होतं, त्यानं दिलेलं उत्तरही बरोबर होतं. "काईच फरक नाही पडला." त्या वेळी मला म्हणता आलं असतं: चावी काढ, गाडी हलवू नको, मी येतो. दहा किलोमीटर तर अंतर होतं.