गॅरेथ एन्सवर्थ: थांबलेल्या चेंडूवर उभा राहिलेला संघ

१३ जुलै २०२०. वेम्बली रिकामं, कोविडमुळे एकही प्रेक्षक नाही. लीग वन म्हणजे इंग्लिश फुटबॉलची तिसरी पायरी; तिच्या प्ले-ऑफचा, म्हणजे तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाच्या संघांतून एकाला वर पाठवणाऱ्या फेरीचा, अंतिम सामना. चेंडू बहुतेक वेळ ऑक्सफर्ड युनायटेडच्या पायात होता, आणि जिंकले वायकम वॉन्डरर्स, २-१. नवव्या मिनिटाला ज्यो जेकबसनच्या कॉर्नरवर अँथनी स्ट्युअर्टचं हेडर, ७९व्या मिनिटाला जेकबसनची पेनल्टी. दोन्ही गोल थांबलेल्या चेंडूवरून आले. १८८७ साली स्थापन झालेला हा क्लब त्या दिवशी पहिल्यांदा इंग्लिश फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीवर चढला. मॅनेजर होते गॅरेथ एन्सवर्थ. त्यांचे लांब केस, लेदर जॅकेट आणि रॉक बँड यांवर भरपूर लिहून झालंय. त्यांनी काम कसं केलं यावर त्या मानाने फार कमी.

एन्सवर्थ मूळचे ब्लॅकबर्नचे, जन्म १९७३ चा, खेळायचे उजव्या विंगला. त्यांच्या घडणीत एक नाव महत्त्वाचं आहे: मॅनेजर जॉन बेक. केंब्रिज, प्रेस्टन आणि लिंकन, तिन्ही ठिकाणी एन्सवर्थ बेकच्या हाताखाली खेळले. बेकचा हिशोब उघड होता. मधल्या फळीत चेंडू घोळवत बसायचं नाही, तो सरळ बचावफळीच्या मागे, कोपऱ्याकडे टाकायचा. त्या कोपऱ्यांतलं गवत मुद्दाम वाढवलेलं असायचं, म्हणजे लांब मारलेला चेंडू रेषेबाहेर न जाता तिथेच अडायचा. विंगरने धावत जाऊन तो गाठायचा आणि क्रॉस टाकायचा. एन्सवर्थनी वर्षानुवर्षं केलेलं काम हेच. पुढे १९९७ मध्ये पोर्ट व्हेलने ५ लाख पौंड मोजले, १९९८ मध्ये विम्बल्डनने २० लाख, आणि मग क्वीन्स पार्क रेंजर्सकडे सात वर्षं गेली. पण मॅनेजर एन्सवर्थ समजायचे तर आधी बेक समजून घ्यावा लागतो, असं माझं ठाम मत आहे.

सप्टेंबर २०१२ मध्ये वायकमने मॅनेजर गॅरी वॉडॉक यांना काढलं, तेव्हा एन्सवर्थ तिथलेच खेळाडू होते. त्यांच्याकडे मॅनेजरपद आलं, आधी हंगामी, मग नोव्हेंबरात कायम. त्याच वर्षी क्लब समर्थकांच्या ट्रस्टच्या ताब्यात आला होता आणि पैसे नाहीत म्हणून अकादमी बंद झाली होती. म्हणजे घरची पोरं वर येण्याची वाट बंद, आणि विकत घ्यायला तिजोरी रिकामी. उरतं ते उसने खेळाडू, करार संपलेले खेळाडू आणि इतरांनी नाकारलेले खेळाडू. ३ मे २०१४ रोजी लीग टूच्या, म्हणजे चौथ्या पायरीच्या, मोसमाच्या शेवटच्या दिवशी हा क्लब इंग्लिश लीगमधूनच बाहेर पडायच्या बेतात होता. नुसतं जिंकून भागणार नव्हतं, वरचा ब्रिस्टल रोव्हर्ससारखा एखादा संघही हरायला हवा होता. वायकमने टॉर्कीला त्यांच्याच मैदानावर ३-० हरवलं, रोव्हर्स घरच्या मैदानावर मॅन्सफील्डकडून ०-१ हरले. दोघांचे गुण सारखे ५०, वायकम वाचले ते गोलफरकावर. पुढच्याच मोसमात ते लीग टूच्या प्ले-ऑफ अंतिम सामन्यासाठी वेम्बलीवर होते. साउथएंडविरुद्ध जादा वेळेच्याही शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल खाल्ला आणि पेनल्टींवर ६-७ हरले.

आता पद्धत. २०१६ मध्ये आला स्ट्रायकर अडेबायो अकिनफेन्वा, वय ३४, वजन शंभर किलोच्या वर. धावण्यात तो कुणालाच हरवणार नव्हता, आणि एन्सवर्थनी त्याच्याकडून धावण्याची अपेक्षाही ठेवली नाही. गोलरक्षकाने किंवा बचावपटूने मारलेला लांब चेंडू त्याच्या छातीवर यायचा. पाठ गोलकडे, पाठीला बचावपटू चिकटलेला. चेंडू ताब्यात आला तर छानच, नाही आला तरी तो दहा-पंधरा पावलांच्या आतच कुठेतरी पडणार हे नक्की. खरी लढाई या दुसऱ्या चेंडूची. म्हणून मधल्या फळीतल्या दोघांनी चेंडू हवेत असतानाच पुढे सरकायचं, आणि विंगरने अकिनफेन्वाच्या शेजारून मागे पळायचं. बचावपटूने घाबरून धक्का दिला की फ्री किक. घाईत बाहेर मारला की थ्रो-इन किंवा कॉर्नर. यातलं काहीही वायकमला चालायचं, कारण पुढचं काम जेकबसनचं.

जेकबसन डावखुरा. उजव्या बाजूच्या कॉर्नरवरून त्याचा चेंडू वळत गोलकडेच यायचा. गोलसमोरच्या साडेपाच मीटरच्या पट्टीत दोन-तीन धिप्पाड खेळाडू गोलरक्षकाला खेटून उभे. कॉर्नरवर थेट ऑफसाइड नसतो, त्यामुळे तिथे उभं राहायला नियमाची आडकाठी नाही. गोलरक्षक पुढे यायला निघाला तर वाट नाही, रेषेवर थांबला तर चेंडू डोक्यावरून आत. सप्टेंबर २०१९ मध्ये लिंकनविरुद्ध जेकबसनने हॅटट्रिक केली, ती अशी: दोन गोल थेट कॉर्नरवरून आणि एक फ्री किकवरून. याला नशीब म्हणून सोडून देणं मला पटत नाही. एकाच जागी, एकाच वळणाने, तोच चेंडू शेकडो वेळा टाकणाऱ्या पायाचं ते फळ होतं.

ही पद्धत कुठे फसते, तेही सांगायला हवं. पंचाने गोलरक्षकाला अडवल्याचे फाउल पहिल्या दहा मिनिटांत द्यायला सुरुवात केली, की कॉर्नरची निम्मी धार जाते. समोरचा संघ शिस्तीचा असला, फाउल करत नसला, चेंडू घाईने बाहेर मारत नसला, तर थांबलेले चेंडूच मिळत नाहीत. आणि मधल्या फळीतले दोघे दोन-तीन पावलं उशिरा सरकले, तर तो दुसरा चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळतो आणि मागे मोठं मैदान मोकळं सापडतं. ४६ सामन्यांच्या मोसमात, शनिवार-मंगळवार-शनिवार असं खेळताना, पाय जड झाले की ती दोन पावलं सगळ्यात आधी चुकतात.

२०१८ मध्ये वायकम लीग टूमध्ये तिसरे येऊन थेट वर गेले. २०१९-२० चा लीग वनचा मोसम कोविडने अर्धवट राहिला आणि क्रमवारी प्रति सामना गुणांवर ठरली. इथला हिशोब बघण्यासारखा आहे. वायकम आठवे होते: ३४ सामने, ५९ गुण, म्हणजे १.७४. ऑक्सफर्ड, पोर्ट्समथ आणि फ्लीटवूड या तिघांचे ३५ सामन्यांत ६० गुण, म्हणजे १.७१. पीटरबरोचे ५९ गुण ३५ सामन्यांत, १.६९. एक सामना कमी खेळल्यामुळे वायकम आठव्यावरून तिसरे झाले, आणि सहावे असलेले पीटरबरो प्ले-ऑफच्या बाहेर गेले. पीटरबरोच्या लोकांना ते आजही खुपत असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. पण प्ले-ऑफमध्ये फ्लीटवूडला त्यांच्या मैदानावर ४-१ हरवून आलेला संघ केवळ भागाकाराने वर गेला, असंही म्हणता येणार नाही.

वरच्या पायरीवर, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, पहिले सातही सामने हरले. चॅम्पियनशिपचे बचावपटू पहिलं हेडर जिंकतात आणि दुसरा चेंडू पायात घेऊन शांतपणे बाहेर काढतात, फरक तिथे पडला. तरी संघ कोसळला नाही. शेवटच्या दिवशी मिडल्सब्रोवर ३-० विजय, एकूण ४३ गुण. डर्बी ४४ गुणांवर वाचले. हिशोबाच्या नियमभंगाबद्दल डर्बीचे ९ गुण कापले गेले, पण पुढच्या मोसमात. तीच शिक्षा वर्षभर आधी झाली असती तर वायकम टिकले असते. त्या क्लबच्या इतिहासातली ही सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट आहे.

परत लीग वनमध्ये, २०२२ च्या प्ले-ऑफ अंतिम सामन्यात संडरलंडकडून ०-२ हार. फेब्रुवारी २०२३ मध्ये, दहा वर्षांहून जास्त काळानंतर, एन्सवर्थ आपल्या जुन्या क्वीन्स पार्क रेंजर्सकडे गेले. बर्नली आणि स्टोक यांना त्यांच्याच मैदानांवर हरवून त्या मोसमापुरता संघ वाचवला, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सलग सहा पराभवांनंतर त्यांना जावं लागलं. माझ्या मते कारण साधं होतं: तिथले खेळाडू चेंडू पायात खेळवण्यासाठी निवडलेले होते, पुढे अकिनफेन्वा नव्हता आणि कोपऱ्यात जेकबसन नव्हता. वायकमला ही माणसं एकेक करून जमवायला वर्षं लागली होती, इथे हातात आठ महिने होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी श्रूजबरीचं मॅनेजरपद घेतलं, आणि मार्च २०२५ मध्ये ते सोडून लीग टूमधल्या गिलिंगहॅमकडे गेले. म्हणजे ज्या पायरीवर २०१२ मध्ये सुरुवात केली होती, पुन्हा तिथेच.